उतारावर थोरली

उस्तादाने स्टँड लावला, डाव्या पायाने गिअर टाकला, खाली उतरला, हेल्मेट काढायला दोन्ही हात वर नेले, आणि मोटरसायकल त्याला न विचारता चालू लागली. फार नाही, वीतभरच. पण चार माणसांच्या वजनाची वस्तू उतारावर वीतभर चालते, तेव्हा तिच्या मनात पुढचं बरंच काही असतं. स्टँड मागे दुमडला, गाडी त्याच्याकडे कलली, आणि उस्तादाचं शरीर, जे हल्ली खुर्चीतून उठतानाही आधी सल्लामसलत करत असे, ते कुणालाही न विचारता तिच्यावर झेपावलं. डावा हात डाव्या मुठीवर, उजवा पार पलीकडे जाऊन पुढच्या ब्रेकवर, आणि कंबर टाकीला टेकलेली. म्हणजे पूर्वी टाकी असायची तिथे. गाडी थांबली. उस्तादही थांबला. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की आता दोघांपैकी कुणालाच हलता येणार नाही.

गिअर नव्हताच. विजेच्या गाडीला गिअर नसतो, क्लच नसतो, हे शाळकरी पोरालाही ठाऊक, आणि उस्ताद तर कारखान्याचा सगळ्यात जुना चाचणीस्वार. ही गाडी तो दोन वर्षं चालवत होता. पण पेट्रोलची गाडी उतारावर उभी करायची तर पहिल्या गिअरमध्ये टाकून उतरायचं, मग ती जागची हलत नाही, हे ज्ञान त्याच्या डोक्यात कधी नव्हतंच. ते डाव्या पायात होतं, आणि पायाला नव्या धोरणाची कुणी कल्पना दिली नव्हती. पायाने सवयीने हवेतच खाली दाबलं, त्याचं त्याचं समाधान झालं, आणि त्याने वरच्या मजल्यांना कळवलं, उतरा खुशाल.

उतार होता कंपनीच्या मुख्य कचेरीच्या तळघरात जाणारा. सिमेंटचा, खाली जाऊन डावीकडे वळणारा, वळणावर भिंतीवर गाड्यांनी काढलेले काळे ओरखडे. पुढे चार पावलांवर लाल-पांढरा दांडा आडवा, आणि डाव्या हाताला काचेची केबिन, तिच्यात वॉचमन. थोरलीची, म्हणजे या गाडीची, बॅटरी अगदी उताराच्या तोंडाशी संपली होती. आधी पडद्यावर कासवाचं चित्र आलं, मग कासवही गेलं. तरी उताराने ती आपसूक तळघरात घरंगळली असती. तिथे संचालक मंडळी बारा वाजता तिला बघायला येणार होती. पण दांडा उघडेना. दांड्याच्या वरचा कॅमेरा नंबर वाचून उघडतो, आणि थोरलीला अजून नंबर नव्हता, नुसता 'चाचणी' असा पुठ्ठा होता. म्हणून वॉचमनला समजावायला उस्ताद उतरला.

"अहो, दांडा वर करा!" हेल्मेटच्या आतून तो ओरडला. आवाज आतल्या आत फिरून त्याच्याच कानात आला.

वॉचमनने काचेची खिडकी बोटभर सरकवली. "नंबर दिसत नाही म्हणतोय साहेब."

"कोण म्हणतोय?"

"कम्प्युटर."

"मग हाताने करा की वर."

"हाताने केला तर तो मोडतो. मागे एकदा केला होता. फोन लावलाय वरती, ते म्हणाले बघतो."

"मग जरा इकडे येऊन गाडीला हात तरी लावा."

वॉचमन खरोखर कळवळला. चेहऱ्यावर दिसलं ते. "आलो असतो हो. पण केबिन सोडायची नाही असं आहे. माझ्याआधी होता तो एकदा लघवीला गेला, तो परत आलाच नाही. म्हणजे आला, पण इथे नाही घेतला त्याला." आणि मदत म्हणून त्याने खिडकी आणखी बोटभर उघडली.

उस्तादाने पुन्हा सीटवर चढायचा विचार केला. विचार करताच उजवा गुडघा म्हणाला, शक्य नाही. तरी त्याने टाच थोडी उचलून पाहिली. तेवढ्यात वजन हललं, गाडी कंबरेवर रेलली, आणि त्याने टाच मुकाट्याने खाली ठेवली. स्टँड पुन्हा लावावा तर पाय तिथे पोचत नव्हता, आणि लागला तरी उताराने पुन्हा दुमडला असता. गाडी आडवी वळवावी तर ब्रेक सोडावा लागणार. आडवी पाडावी तर... तो विचार त्याने पुरता होऊच दिला नाही. अशी गाडी जगात एकच होती. ती लेकीनेच बनवली होती, तिच्या पोटात लेकीची चार वर्षं होती, आणि ती आज तळघरात उभी दिसली नाही तर बारा वाजता थोरलीचा निकाल लागणार होता. नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. हेल्मेटच्या आत, काचेच्या मागे, जिथे मोकळे असते तरी हात पोचले नसते.

थोरली हे नाव कारखान्यातच पडलं होतं. धाकटी म्हणजे स्कूटर, विजेची, हलकी; गल्लीबोळांतून दिवसभर हिंडावी आणि रात्री घरच्या भिंतीला लावून ठेवावी. धाकटीचं नशीब पहिल्या दिवसापासून उघडलं. थोरलीचं मात्र कुठे जमेना. मोठी गाडी घेणाऱ्याला लांब जायचं असतं आणि जोरात जायचं असतं. जोरात गेलं की वारा समोर भिंतीसारखा उभा राहतो आणि बॅटरी पाण्यासारखी पिऊन टाकतो. म्हणून बॅटरी मोठी केली की वजन वाढतं, वजन ओढायला ताकद लागते, ताकदीला बॅटरी लागते, आणि लेकीच्या खोलीतले हुशार लोक स्वतःच्या शेपटीमागे धावणाऱ्या मांजरासारखे फळ्यासमोर गोल फिरत राहतात. हे उस्तादाला फळ्यावरून कळलं नव्हतं, मनगटांवरून कळलं होतं. प्रत्येक फेरीनंतर हेल्मेट काढून तो सांगायचा, "शहरात राणी आहे. हमरस्त्यावर अर्ध्यात जीव टाकते." मंडळी माना हलवत. लेकही हलवी. माना हलवण्यात त्या खोलीचा हात धरणारं कुणी नव्हतं.

हँडब्रेकचीही गोष्ट तिथलीच. एका बारीक चष्म्याच्या पोराने बैठकीत विचारलं होतं, सर, गिअर नाही तर उतारावर ही उभी कशी राहील, एखादा पार्किंग ब्रेक द्यायचा का? आणि उस्ताद, जो बैठकांमध्ये एरवी बिस्किटांपुरताच बोले, तो म्हणाला होता, "मोटरसायकलला हँडब्रेक? मग डिकीही लावा, आणि मागच्या काचेत मान डोलावणारं कुत्रंही ठेवा." खोली खदखदून हसली. लेक सगळ्यांत जास्त हसली, अभिमानाने इकडेतिकडे बघत, हे माझे बाबा अशा नजरेने. ब्रेक रद्द झाला. वजन थोडं वाचलं. ते वाचलेलं वजन आता, उस्तादाच्या अंदाजाने, त्याच्या उजव्या मनगटात आलं होतं.

छातीच्या खिशात फोन थरथरला. लेकच असणार. थरथर बरगड्यांतून खांद्यात, खांद्यातून दंडात गेली आणि तिथे आधीच चालू असलेल्या थरथरीत मिसळली. फोन बंद झाला. दंड चालूच राहिला. रात्री तिने असाच फोन केला होता. "बाबा, ट्रकवाला नाही म्हणतोय, उद्या जमत नाही त्याला. दुसरा शोधू का? की... येईल ना ती चालवत?" पेट्रोलच्या जमान्यातला उस्ताद असता तर त्याने हनुवटी खाजवून विचार केला असता. चाचणीच्या मैदानापासून कचेरीपर्यंतचं अंतर म्हणजे लेकीच्या आकड्याने आरामात एका दमात, आणि त्याच्या मनगटाच्या आकड्याने, कचेरी दिसायला लागेल, पोचणार नाही. पण 'येईल ना' म्हणताना तिचा आवाज शेवटी किंचित वर गेला होता, लहानपणी गणिताचं उत्तर विचारताना जायचा तसा. आणि उस्ताद म्हणाला, "येईल की. न यायला काय झालं." दोन वर्षं त्याचं म्हणणं कुणी ऐकलं नव्हतं, काल रात्री त्यानेही ऐकलं नाही.

वाटेत चार्जिंगची एकच जागा होती. तिथे एक मोटार लावलेली, आत एक बाई सीट मागे पाडून झोपलेल्या. काचेवर टकटक केल्यावर त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, "आत्ताच लावलीये." दुसऱ्या खांबावर कागद चिकटवला होता, 'बंद आहे', आणि खाली कुणीतरी पेनने लिहिलं होतं, 'कधीपासून?' उस्ताद काही वेळ त्या बाईंच्या झोपेकडे बघत उभा राहिला. घड्याळ पाहिलं, थोरलीच्या पडद्यावरचा आकडा पाहिला, आणि पुढचा रस्ता धाकटीच्या वेगाने आला. हमरस्त्याच्या कडेकडेने, ट्रक हॉर्न मारत पुढे जात असताना, पाठ वाकवून, वाऱ्याला शक्य तितका कमी दिसत, हळूहळू. ज्या गाडीचं जोरात जाणं हेच एक काम, तिच्यावर बसून.

"वा, काय गाडी आहे हो!" उजवीकडून आवाज आला. गळ्यात ओळखपत्र, हातात सँडविच, कचेरीतलाच कुणी. त्याने थोरलीला प्रदक्षिणा घातली. "इलेक्ट्रिक ना? एका चार्जला किती जाते?"

उस्तादाने बंद पडद्याकडे पाहिलं.

"म्हणजे साधारण?"

"इथपर्यंत," उस्ताद म्हणाला.

माणसाला हा विनोद वाटला. तो हसला, सँडविचचा घास घेतला, आणि मग उस्तादाच्या थरथरत्या कोपराकडे त्याचं लक्ष गेलं. "काका, सगळं ठीक ना? हात लावू का?"

बोल, उस्ताद स्वतःला म्हणाला. हो म्हण. दोन अक्षरंही नाहीत, एकच आहे. "छे छे," तो म्हणाला, "सहज उभा आहे." माणूस 'छान' म्हणून निघून गेला. सहज उभा आहे! हेल्मेट घालून, बंद दांड्यासमोर, मोटरसायकलला मिठी मारून. आयुष्यभर त्याने गाड्यांबद्दल खरं सांगितलं होतं. क्लच घसरतोय, चेन रडतेय, बेअरिंग आठवड्याचं सोबती आहे. स्वतःबद्दलचं असं एखादं साधं वाक्य मात्र कधी तोंडातून निघालं नव्हतं, आणि आता त्याचा सराव करायला ही जागा चांगली नव्हती.

बेअरिंगचं दुखणं त्याला कानाने कळे, म्हणून तर उस्ताद. एके काळी लाइनवरून उतरलेली प्रत्येक मोठी गाडी त्याच्यासमोर चालू होई, तो मान तिरपी करी, आणि 'जाऊ दे' किंवा 'मागे' म्हणे. घरीही तो आधी आवाजाने पोचायचा आणि मग स्वतः. गल्लीच्या तोंडाला धडधड ऐकू आली की बायको आमटीखालचा गॅस पेटवी, आणि लेक दोन्ही कानांवर हात दाबून पलंगाखाली जाई. तिला तो आवाज सोसायचाच नाही. तो दारात येऊन हेल्मेट काढे तेव्हा पलंगाखालून फक्त दोन कोपरं दिसत. शाळेत असतानाच एकदा तिने त्याला सांगितलं होतं, "बाबा, मी अशी गाडी करीन, ती आलीये हेच कुणाला कळणार नाही." तो हसला होता. मग ती मोठी झाली, शिकली, आणि तिने ती केली. मोठ्या गाडीच्या गिऱ्हाइकांना विचारायला गेले तर ते म्हणाले, सगळं छान आहे, पण आवाज कुठाय? मग गाडीत स्पीकर बसवायचं ठरलं, आणि आवाज कुठून आणायचा तर उस्तादाकडून. बंद खोलीत त्याच्यापुढे माइक ठेवला. 'उस्ताद, जुनी गाडी कशी वाजायची ते तोंडाने करून दाखवा.' त्याने गाल फुगवून, डोळे मिटून, पहिल्या गिअरपासून चौथ्यापर्यंत सगळं केलं. मध्ये एक खड्डाही घेतला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. महिन्याभराने तोच आवाज थोरलीच्या पोटातून आला तेव्हा तो मिक्सरमध्ये चटणी अडकल्यासारखा वाजत होता. पुढे वजनासाठी स्पीकरही काढला. उस्तादाचं तोंड काही दिवस दुखलं, एवढंच त्यातून शिल्लक राहिलं.

आणि मग ती संध्याकाळ. थोरली पहिल्यांदाच घरी आणली होती, शेजारपाजाऱ्यांना दाखवायला. गल्लीत शिरला, दारापाशी उभा राहिला, आणि कुणाला काही कळलं नाही. गॅस पेटला नाही. दार नुसतं लोटलेलं होतं, आणि आत लेक आईशी बोलत होती, रोज बोलत असेल तशी. फक्त आजवर त्याची धडधड गल्लीच्या तोंडाला आली की ते बोलणं आवरून जागच्या जागी ठेवलं जात असावं. "मला माहीत आहे गं आई, अर्ध्यातच संपते. बाबा सांगतात ते खरंच आहे. पण मी ते पुढे जाऊच देत नाही. वर कळलं तर उद्या थोरली बंद करतील. मग बाबा काय करतील? घरी बसून पंख्याचा आवाज ऐकतील?" आईने काहीतरी निवडता निवडता विचारलं, "म्हणजे ते तुझ्यासाठी चालवतात आणि तू त्यांच्यासाठी बनवतेस?" "हं." "आणि विकत कोण घेणार?" यावर दोघी हसल्या, आणि ते हसणं मध्येच थांबलं. उस्ताद उंबऱ्याबाहेर हेल्मेट हातात धरून उभा होता. त्याला राग यायला हवा होता. तो वाट बघत राहिला, पण राग आला नाही. मग तो पाय न वाजवता गेटपर्यंत मागे गेला, गेट जोरात आपटलं, घसा खाकरला, आणि "अरे, कुणी आहे का घरात!" असं म्हणत आला. तेव्हापासून तो रोजच तसा येई. एक दिवस बायको म्हणाली, "अहो, छाती दाखवून घ्या एकदा. फार खोकताय." त्याने दाखवली. छाती उत्तम होती.

पुन्हा फोन. या वेळी थरथर जास्त वेळ टिकली. मागे एक मोटार येऊन उभी राहिली होती, तिने हॉर्न दिला. मग तिच्या मागच्या मोटारीने पहिलीला दिला. "पुढे घ्या ना काका!" कुणीतरी डोकं बाहेर काढून म्हणालं. उस्तादाने मान वळवली नाही. मान वळवली की खांदा वळतो, खांदा वळला की... हाताचं आता त्याला नीटसं कळेनासं झालं होतं. मनगटापर्यंत तो होता. पुढे कुणीतरी दुसरंच ब्रेक धरून उभं होतं, विश्वासू पण अनोळखी. घाम भुवईवरून डोळ्यात आला. सोडली तर? हा विचार या वेळी पुरता झाला. सोडली तर ती दांडा मोडून जाईल, वळणावर भिंतीला त्या काळ्या ओरखड्यांमध्ये लागेल, आणि सगळे म्हणतील, अपघात झाला. अपघाताने संपलेली गोष्ट चुकीची ठरत नाही. लेकीला म्हणता येईल, ती पोचली असती हो, पण उतारावर घात झाला. चार वर्षं वाया गेली असं कुणी म्हणणार नाही. वाईट झालं म्हणतील. दोन्हींत केवढा फरक आहे. हे सगळं त्याला इतकं स्वच्छ दिसलं की त्याने हाताला तसं सांगितलंही असेल. हाताने ऐकलं नाही. आज त्याचं कुणीच ऐकत नव्हतं.

तेवढ्यात उजवीकडच्या, बाहेर जायच्या वाटेने काहीतरी काळं सरकलं. मोटार. तिच्यामागे दुसरी, तशीच काळी, तशीच लांब. विजेच्या असाव्यात, कान असूनही उस्तादाला त्या शेजारी येईपर्यंत कळल्या नाहीत. बाहेरचा दांडा त्यांना आपणहून सलाम केल्यासारखा वर झाला. मागच्या काचेआड एक पांढरं डोकं फोनवर बोलत होतं. त्याची नजर थोरलीवरून गेली, तशी भिंतीवरूनही गेली. तिसरी मोटार. मग वाट मोकळी झाली. वॉचमन केबिनमध्ये उभा राहून सलाम करत होता, तो बसला. "मोठे साहेब लोक," त्याने फटीतून सांगितलं, जणू उस्तादाला बरं वाटेल. "आज लवकर आटोपलं वाटतं."

लेक खालून चालत आली. उतार चढताना ती आईसारखी, एक हात मांडीवर टेकून चालत होती, हे उस्तादाने आज पहिल्यांदाच पाहिलं. दांड्यापाशी ती थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं, दुमडलेल्या स्टँडकडे पाहिलं, काळ्या पडद्याकडे पाहिलं. मग वाकून दांड्याखालून अलीकडे आली.

"किती वेळ असे उभे आहात?"

"आत्ताच आलो."

"बाबा."

"थोडा वेळ झाला."

"मी फोन करत होते."

"वाजला. हात मोकळा नव्हता."

ती उजव्या बाजूला गेली आणि तिने मुठीला हात घातला. वजन किंचित हललं, त्याच्या कंबरेवरून थोडं तिच्याकडे गेलं, आणि त्या क्षणी त्याला कळलं की मघापासून आपली कंबर किती दुखत होती.

"वाटेत संपली," तो म्हणाला. "म्हणजे इथे, दारात. पोचली तशी. मी म्हटलं होतं ना, येईल."

"हो."

"ते बघायला येतायत ना?"

लेक मुठीवरचं आपलं बोट बघत होती.

"उशीर झाला का माझ्यामुळे?"

"नाही हो." ती पटकन म्हणाली. मग हळू, "त्यांनी वरच ठरवलं. साडेदहालाच. चहा यायच्या आधी. धाकटीला आणखी एक लाइन देतायत. थोरलीचं म्हणाले, मोठ्या गाडीला भविष्य आहे, फक्त आत्ता नाही."

"मग तू फोन कशाला करत होतीस?"

"चालवत येऊ नका, जिथे असाल तिथेच थांबा, म्हणून."

मागच्या मोटारीने पुन्हा हॉर्न दिला. केबिनमधला फोन वाजला, वॉचमन त्यात 'हो साहेब, हो साहेब' म्हणाला, आणि लाल-पांढरा दांडा एक हिसका देऊन वर गेला. "झालं हो!" वॉचमन खिडकी पूर्ण उघडून ओरडला. त्याचा आनंद अगदी मनापासूनचा होता. "जा आता!"

खाली उतार मोकळा पडला होता, वळणापर्यंत. लेकीने दोन्ही हातांनी गाडी नीट पेलली, पाय रोवले. "मी धरलीये. हळूहळू खाली नेऊ आणि भिंतीला लावून ठेवू. बाबा, ब्रेक सोडा."

"सोडला."

"नाही सोडलात."

उस्तादाने खाली पाहिलं. हातमोज्यातली चार बोटं ब्रेकवर जशीच्या तशी होती. त्याने त्यांना पुन्हा सांगितलं. ती हलली नाहीत.

"सोडा ना बाबा. मागे लोक खोळंबलेत."

"सोडतोच आहे गं."

लेकीने एका हाताने आणि गुडघ्याने गाडी तोलली, दुसरा हात त्याच्या मुठीवर आणला आणि करंगळी धरून उचलली. करंगळी कडक होती, कुलपातल्या गंजलेल्या किल्लीसारखी, पण उठली. मग तिने शेजारचं बोट धरलं. ते उचलेपर्यंत करंगळी खाली जाऊन पुन्हा ब्रेकवर बसली होती.

"मुद्दाम करताय का?"

"नाही गं," उस्ताद म्हणाला. हेल्मेटमुळे तिला ते ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.

तिने पुन्हा करंगळीपासून सुरुवात केली.